खंड्याचं बसणं

जेलमधल्या कैद्यांना भटकी पिल्लं शिकवायला दिली, तेव्हा वडूजकडच्या मेंढपाळ मल्हारच्या वाट्याला खंड्या आला. मल्हार आपल्या जुन्या सदऱ्याची चिंधी लपवायचा. ती हुडकली की खंड्या तिथंच बसायचा, कुणी हाकललं तरी हलायचा नाही. शिकून तयार झालेल्या खंड्याला घर हवं होतं. मल्हारनं हौसेनं आपल्या आईचं नाव दिलं. धाकटा भाऊ दादासो पुण्याला गेला, असं मल्हारनंच तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. पुढं मल्हारही एका मारामारीत जेलात आला, तेव्हापासून म्हातारी एकटीच होती.

शनिवारी जेलच्या फोनवर आई म्हणाली, "खंड्या लय गुनाचा हाय रं. पर आल्यापास्नं मेंढरांच्या वाड्यामागं बसलाय, भाकरीला बी उठंना. आज तर उकराय लागलाय."

मल्हारनं घाईनं विचारलं, "काय घावलं?"

"तुझ्या निळ्या सदऱ्याची बाही."

"मीच टाकला आसंल, आई. फाटला हुता."



"पुन्याला गेला त्या दिशी दादासोच्या अंगात त्योच सदरा हुता," ती हळूच म्हणाली. "खंड्या आजून उकरतोय. उकरू दिऊ का रं?"