आधी पाणी, मग बटण

"भंगारात घाल ते. कशाला जीव काढायलीस?" विरेश दारातून आईला म्हणाला.

सिद्धम्मानं मान वर केली नाही. ओट्यावर सुनेचं कॉफीचं मशीन उघडं पडलं होतं. तिनं पाना फिरवून बॉयलरमधली जुनी कॉइल ओढून काढली. काळी ठिक्कर. विरेशनंच जाळलेली. घरच्या सुनेनं गाडा लावून कॉफी विकायची नाही, असं म्हणत त्यानं पाणी न भरताच बटण दाबून ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी त्याची बायको शिवरंजनी जिंतूर सोडून पूर्णेला गेली आणि स्टेशनजवळ खोली घेऊन राहिली. सिद्धम्माचा त्या दिवसाचा राग अजून उतरला नव्हता.

"नीट करते आन् तिला नेऊन देते," ती म्हणाली.

विरेशचा चेहरा एकदम उजळला. "मग येताना तिला घेऊनच ये. लोकं विचारायलेत."

"लोकांचं पोट दुखायलंय का?"

तो हसत बाहेर गेला. डाळीच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून शिवरंजनी सगळं बघत होती.

"आत्याबाई, नव्या कॉइलला नवं वायसर टाकलं का? वायरी आधीच्याच जागी लावा."

"दोरे बांधून खुणा केल्यात गं."

"त्यांना सांगितलं का?" तिनं आवाज बारीक केला.

"मशीन तर चालू होऊ दे."

"न्हाई झालं तर?"

"न व्हायला काय धाड भरली?"

सिद्धम्मानं आधी पाणी भरलं, मग बटण दाबलं. बराच वेळ काहीच होईना. मग मशीन गुरगुरलं, वाफ आली आणि कपात काळी धार पडली. वास घेत आलेल्या विरेशनं कपासाठी हात पुढं केला. तिनं तो कप स्वतःच तोंडाला लावला. कडू जहर. तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

मग तिनं कपाटातल्या साड्या काढल्या आणि खोक्यात मशीनभोवती एकेक करून दाबून बसवल्या. कोपऱ्यात पूजेचा भस्माचा डबा ठेवला.

"चांगल्या साड्या कशाला? जुनी चादर घे की," विरेश म्हणाला.

"मशीनला ओरखडा पडू द्यायचा न्हाई मला."

खोकं लय जड झालं होतं. पण बायको परत येणार म्हणून विरेशनं ते स्वतः उचललं, रिक्षातून स्टँडवर आणलं आणि एसटीत आईच्या शेजारच्या सीटवर जपून ठेवलं. खाली उतरून तो खिडकीशी आला.

"मग दोघी कवा येणार?"

"ती न्हाई यायची," सिद्धम्मा म्हणाली. "मीच तिच्याकडं राहायला चालले. गाडा दोघींचा हाय."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, तशी तिनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"आन् संध्याकाळी कुकर लावशील, तवा आधी पाणी घाल!"