डाव्या बाजूची बादली

"बादली आत होती," ड्रायव्हर म्हणाला.

"बाहेर होती. मागे, डाव्या अंगाला," पाहुणा म्हणाला.

चिमट्यात धरलेली बादली वाटाण्याएवढी होती. भांडण मात्र पूर्ण आकाराचं होतं.

टेबलावर वीतभर लांबीचा रणगाडा उभा होता. अख्खा हिवाळा दोघे म्हातारे त्याच्या मागे लागले होते. तरुणपणी ड्रायव्हरने खराखुरा रणगाडा लढाईत चालवला होता. पुढे निवृत्त होईपर्यंत शाळेची बस. बसमध्ये आवाज जास्त होता, असं तो सांगायचा. आता त्याचे हात थरथरत, म्हणून नाजूक काम पाहुण्याकडे. पाहुण्याचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं होतं. हात अजून दगडासारखा स्थिर. दर आठवड्याला तो बसने यायचा, मुक्काम करायचा आणि भांडून परत जायचा.

"चकाकत होती ती बादली," पाहुणा म्हणाला. "फांद्या बांधल्या होत्या तुम्ही, पण मागची घसरली होती. म्हणून तर..." तो थांबला आणि चहाचा कप उचलला. कप रिकामा होता.

"असेल बाई बाहेर," ड्रायव्हरची बायको म्हणाली. "यांना आजही बादली आत आणा म्हटलं की ऐकू येत नाही."

बादली बाहेर लागली.

"आतून रंग कोणता द्यायचा? हिरवाच?"

"पांढरा. आतून पांढराच असतो. तुला काय कळणार, तू कुठे आत बसलायस!"

"आणि उजवी बाजू?"

"ती मला विचार. तू डावीचा तज्ज्ञ."

"एक आतला, एक बाहेरचा," बायको म्हणाली. "दोघं मिळून जेमतेम एक माणूस होतो."

रणगाड्याचा वरचा भाग टोपणासारखा निघायचा. तो हट्ट ड्रायव्हरचा. आत गनरची बसायची जागा होती, नखाएवढी. गनर त्या लढाईतून परतला नव्हता. तेव्हा रांगणारी त्याची मुलगी आता केस पिकलेली बाई होती, आणि तिने फोनवर एकच विचारलं होतं, "काका, बाबा नेमके कुठे बसायचे?"

ती आज येणार होती.

पाहुण्याने चष्मा पुसला. "मी दुपारच्या बसने निघतो. तुमच्या घरच्या गोष्टीत मी कशाला?"

"कोणी जा म्हटलं का तुला?"

"तिला माझ्याबद्दल सांगितलंस?"

"सगळं."

"तरी येतेय?"

"भावोजी, तुम्ही किती घोरता ते नाही सांगितलं," बायको म्हणाली. "जेवून जायचं. ताटं मांडलीयेत मी चार."

पाहुणा बसून राहिला. बराच वेळ त्याने एकाच चाकाची धूळ झटकली. तिथली धूळ त्यानेच रंगवलेली होती, त्यामुळे ती काही जाईना.

"कारखान्यातून आला तसा नको," ड्रायव्हर म्हणाला. "त्या दिवशी होता तसा हवा, असं ठरलंय आपलं. एक भोक राहिलंय." त्याने सुईएवढं ड्रिल पाहुण्यापुढे ठेवलं. "जागा तुलाच ठाऊक. मी धुरातून बाहेर पडलो, तेव्हा मागे वळून बघायची शुद्ध नव्हती."

पाहुण्याने पेन्सिलीने डाव्या अंगावर ठिपका काढला. पुसला. केसभर मागे सरकून पुन्हा काढला. मग ड्रिल उचललं.

दाराची घंटा वाजली. बायको पदराला हात पुसत उघडायला गेली.

"जमत नाहीये," पाहुणा हळूच म्हणाला. "हात थरथरतोय."

ड्रायव्हरने आपला थरथरता हात त्याच्या हातावर ठेवला.

"आमच्यावर नेम धरलास तेव्हा बरा स्थिर होता! आण इकडे, दोघं मिळून धरू."