साहेबांची रजा

दादा-वहिनी आठ दिवस राहिले आणि दादाचा रोज एकच हट्ट, "जायच्या आधी तुझ्या हॉटेलात जेवू घाल." सात दिवस टोलवाटोलवी केली. घरी मी मॅनेजर असल्याचं सांगून ठेवलेलं, आणि मॅनेजर काही भटारखान्यात रस्सा ढवळत नसतो.

शेवटी आज रजा टाकली. वेटरांच्या हातापाया पडलो, "आजच्या दिवस मला साहेब म्हणा." इस्त्रीचा शर्ट घालून दोघांना घेऊन गिऱ्हाइकासारखा बसलो. बोटांवरचे चटके दिसू नयेत म्हणून हात टेबलाखाली, डोळा घड्याळावर. चारची गाडी होती. आतून फोडणी करपल्याचा वास आला. तीनदा उठायला गेलो, तीनदा बसलो.

दादाने मात्र सावकाश जेवून ताट स्वच्छ केलं. वहिनी हात धुवायला गेल्या, तसा तो माझ्याकडे झुकला.

"आलो त्या दिवशी आधी इथेच आलो होतो. तू दिसला नाहीस, म्हणून जेवून घेतलं. पहिल्याच घासाला आई आठवली आणि कळलं, आत कोण आहे ते. आज रजा कशाला घेतलीस रे?"