अस्तपंथी

"हसायचं आहे, काका," दिग्दर्शकाची सहायक अश्विनीनं पुन्हा सांगितलं. "या पंथात दुःख करणं पाप आहे."

आसारामनं मान हलवली. मघाशीही हलवली होती, पण जमलं नव्हतं.

पाथर्डीच्या पुढं उघड्या माळावर परग्रहाच्या मालिकेचं शूटिंग चाललं होतं. माळावर झाड नाही, म्हणून तो परका ग्रह. तिथला तारा विझत चालला आहे आणि अस्तपंथी मानतात, की तो विझायच्या आधी जो मरेल तो भाग्यवान. यानात बसून दुसरीकडे जगायला निघालेल्यांची यानं हे लोक उडवून देतात. त्यांच्यावर उपकार म्हणून. सगळ्या अस्तपंथी पुरुषांची डोकी तासलेली आणि अंगावर करडे झगे.

टकली माणसं पुरवायचं काम सुनीलकडं होतं. केस द्यायला कोणी तयार होईना. मग त्याला कळलं, की आसारामच्या वस्तीवर त्याच्या बायकोचा दहावा झालाय आणि सगळ्या भावकीनं मुंडण केलंय. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तो जीप घेऊन दारात उभा राहिला. आसाराम नको म्हणत होता. चुलतभाऊ सहादेवनं त्याला उठवलं. भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा चल, मन रमेल, असं त्याचं म्हणणं.

मन कुठलं रमतंय. समोर पत्र्याच्या चौथऱ्यावर एक नटी मेलेली पडली होती. ती पंथप्रमुखाची बायको. एकेकानं पुढं जायचं, तिच्या पायाला हात लावायचा, हसायचं आणि म्हणायचं, "भाग्य!" भावकीतल्या कोणाला काही शिकवावं लागलं नाही. सगळे पहिल्याच खेपेला नीट करून आले. सहादेवला तर दिग्दर्शकानं शाबासकी दिली.

आसारामला त्याचं नवल वाटलं नाही. सगळ्या दुखवट्यात या लोकांनी दुसरं काय केलं होतं? सत्यशीला नवऱ्याच्या आधी गेली, कपाळावर कुंकू असताना गेली. बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, पाया पडल्या, तिच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन आपल्या कपाळाला लावलं. अहेव मरण आलं, सोनं झालं बाईचं, असं मागूनसुद्धा मिळत नाही. आसारामला रडू आलं, की कोणीतरी मांडीवर हात ठेवायचं आणि म्हणायचं, भाग्याची गेली, आता रडून तिची वाट अडवू नका. मी मागं राहिलो ते कुणाचं भाग्य, असं विचारायचं त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण घरात पाहुणे होते.

त्याचा नंबर आला. तो चौथऱ्यापाशी गेला. नटीच्या ओठावर माशी बसली होती आणि मेलेली असल्यामुळं तिला ती हाकलता येत नव्हती. आसारामनं हातानं माशी उडवली आणि तसाच उभा राहिला.

"कट!"

दिग्दर्शक कपाळाचा घाम पुसत जवळ आला. ऊन उतरायला लागलं होतं. त्यानं हात जोडले आणि सांगितलं, की काका, तुम्ही कट्टर आहात. तुम्ही स्वतः एक यान उडवून दिलंय.

"त्यात मानसं हुती का?" आसारामनं विचारलं.

"होती."

"त्यांच्या मागं घरी कोन हाय?"

दिग्दर्शकानं अश्विनीकडं पाहिलं. अश्विनी म्हणाली, ते दाखवलेलं नाही.

"आन् हिचा नवरा?"

तो छत्रीखाली खुर्चीत बसून चहा पीत होता. अश्विनीनं सांगितलं, की तो प्रमुख आहे, तो सगळ्यांत जास्त हसतो.

"म्हंजी तुमी हितं कुनालाच रडू देत न्हाई," आसाराम म्हणाला.

रांगेतून सहादेव पुढं आला. चारचौघांत त्याला लाज वाटत होती. खालच्या आवाजात तो म्हणाला, "दादा, म्हन की एकदाचं. घरी तर मान हालवत हुतास."

"घरी हालवली. न्हाईतर तेराव्याचं तुमी जेवला नसता."

सहादेव रांगेत परत गेला.

दिग्दर्शकानं सूर्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं, मग वैतागून ठरवून टाकलं. हा म्हातारा फितूर होईल. हा रडेल आणि दोघं जण याला पापी म्हणून रांगेतून ओढत बाहेर काढतील. ओढायला सहादेव आणि आणखी एक जण.

"काही बोलू नका. हसू नका," तो आसारामला म्हणाला. "नुसतं रडा."

"रडू?"

"रडा हो. पाहिजे तेवढं रडा."

कॅमेरा सुरू झाला. आसाराम पुन्हा चौथऱ्यापाशी गेला. त्यानं नटीच्या पायाला हात लावला. पाय गरम होते. आधी काहीच झालं नाही. मग त्याच्या घशातून घोगरा, अडकलेला आवाज निघाला आणि तो खाली खडकावर बसला. चौथऱ्याचा पत्रा दोन्ही हातांनी धरून तो रडायला लागला. सत्यशीलाचं नाव त्यानं घेतलं नाही. नुसतं "अगं, अगं" म्हणत राहिला.

दिग्दर्शक हळूच म्हणाला, छान. मग कर्णा तोंडाला लावून म्हणाला, आता बाकीच्यांनी हसायचं.

रांगेत कोणी हसलं नाही. एकानं झग्याच्या बाहीनं नाक पुसलं.

"हसा!" दिग्दर्शक ओरडला. "अरे, हसा! आणि त्याला ओढा!"

सहादेव धावत गेला. त्यानं आसारामच्या दंडाला धरलं. त्याला ओढायचं होतं. पण दंड धरून तो तसाच खडकावर त्याच्याशेजारी बसला, आणि कर्ण्यातून पुन्हा पुन्हा हाक आली तरी उठला नाही.