शंभर गुणांचा तास

नीलाक्षी गवसचा मेडिकलचा अर्ज दोनदा परत आला होता. परीक्षेत ती पहिली, पण रुग्णाला धीर देण्याच्या गुणांत नापास. उमेदवार उशाशी बसला की रुग्णाची नाडी किती शांत होते, ते रुग्णाच्या मनगटावरची पट्टी मोजायची. नीलाक्षी बोलायला लागली की नाडी उलट धावायची.

समुपदेशक पारुलेकर मॅडम नोंदी चाळत होत्या. "सगळीकडे तीस, पस्तीस. पण मंगळवारी एका तासाला चक्क शंभर! तेव्हा केलंस तेच कर, अर्ज सुधारेल."

"तो तास काढून टाका, मॅडम. माझे पेशंट परबकाका सुरुवातीलाच वारले. पट्टीला वाटलं, शांत झाले."

"काढला तर यंदाही प्रवेश नाही."

"माहीत आहे."

मॅडमनी तास खोडला. मग वेळ पाहून त्या थबकल्या. "ते दोनला गेले. तू तीनपर्यंत तिथे काय करत होतीस?"

"सिस्टरना लगेच सांगितलं होतं. पण काकू घरून पेज घेऊन निघाल्या होत्या," नीलाक्षी म्हणाली. "त्या येईपर्यंत काकांचा हात कुणीतरी धरायला हवा होता ना."