पार्किंग बघायला

शोकसभेतली भाषणं संपत आली तेव्हा शीलाकाकू उठल्या. त्यांनी पिशवीतून बाबासाहेबांचा फोटो काढला आणि टेबलावर देवानंदकाकांच्या फोटोशेजारी उभा केला. हॉलमधली कुजबुज थांबली.

शॉमबर्गच्या लायब्ररीतला हा हॉल मराठी मंडळाला काकांनीच मिळवून दिला होता. लायब्ररीच्या बोर्डावर ते, मंडळाचे अध्यक्षही नऊ वर्षं तेच. नवीन आलेल्या प्रत्येकाला एअरपोर्टवरून आणायचं, थंडीचा कोट द्यायचा आणि आपल्या तपकिरी स्टेशनवॅगनमध्ये गाडी शिकवायची, हा त्यांचा शिरस्ता. समोर बसलेल्या साठेक माणसांपैकी निम्म्यांची लायसन्सं त्या खटाऱ्याच्या कृपेची होती. आज मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्या चपला-बुटांत काहीतरी फार बघण्यासारखं सापडलं.

शैलेंद्र शेजारच्या कुशलकडे झुकला. तो मंडळाचा सेक्रेटरी, आणि ऑफिसात कुशलचा मॅनेजर. कुशलच्या ग्रीन कार्डचे कागद दोन महिने त्याच्या टेबलावर सहीसाठी पडून होते.

"तरीच," तो हळू आवाजात म्हणाला. "आमच्या गणपतीला खुर्च्या लावायला सगळ्यांच्या आधी हजर. आरती सुरू झाली की नेमका पार्किंग बघायला बाहेर. नऊ वर्षं. बोलला नाही कधी माणूस."

सकाळपर्यंत तो त्यांना काका म्हणत होता.

"तूही जायचास ना रे त्याच्याबरोबर, पार्किंगला?"

"एक-दोनदा," कुशल म्हणाला. "गर्दी होती."

"हं. तू पण नागपूरचाच. एरिया कुठला?"

"धरमपेठ."

खरं तर कुशल इंदोऱ्यात वाढला होता. इंदोरा म्हटलं की नागपूर माहीत असलेल्या माणसाला पुढे जात विचारावी लागत नाही.

"यांना भाषणं आवडायची नाहीत," शीलाकाकू म्हणाल्या. "मी त्रिशरण म्हणते. बुद्ध, धम्म, संघ, तिघांना तीनदा शरण जायचं, एवढंच. ज्यांना येतं त्यांनी माझ्याबरोबर म्हणा."

कुशलने ओठ घट्ट मिटले. महिन्यापूर्वी तो काकांना दवाखान्यातून घरी सोडत होता तेव्हा त्यांनी त्याला बजावलं होतं. "मी गेल्यावर शीला त्रिशरण म्हणेल. तू गप्प बस. तुझं ग्रीन कार्ड होऊ दे आधी. तिला मी सांगून ठेवलंय." गाडी कुशल चालवत होता आणि काका सवयीने मधूनमधून आरशाकडे बघ म्हणत होते.

पहिली फेरी काकूंनी एकटीने म्हटली. हॉलभर तो एकच आवाज. दुसऱ्या फेरीत संघापाशी येता येता त्यांचा शब्द तुटला. काकू फोटोकडे बघत उभ्या राहिल्या. कुशलकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. कटाक्षाने पाहिलं नव्हतं. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाज वाटत होती. अंगातला कोटही काकांनीच दिलेला होता.

हात आपोआप जुळले. तुटलेली ओळ पुरी करणारा आवाज आपलाच आहे हे त्याला ती पुरी झाल्यावर कळलं.

शैलेंद्रने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो समोर बघत राहिला.

"धरमपेठ," तो शांतपणे म्हणाला.

कुशलने ते ऐकलं. पण काकूंनी तिसरी फेरी सुरू केली होती आणि आता थांबण्यात काही अर्थ नव्हता. तो म्हणत राहिला. दुसऱ्या ओळीला मागच्या रांगांतून कुठूनतरी आणखी एक आवाज मिसळला. बाईचा, बारीक, पण एकही शब्द न चुकणारा.

कोण आहे ते बघायला कुशल वळला नाही. शैलेंद्र वळला.