गाडीसोबतचा अंक

सोल पर्लस्टाइनने साप्ताहिकांचा गठ्ठा सुतळीसकट वेंडेलच्या पुढ्यात आपटला.

"हे मी वाटायचं? ज्यू किती पाताळयंत्री असतात, ते मीच गिऱ्हाइकांना सांगायचं?"

मिशिगनमध्ये मोटार कंपनीची एजन्सी चालवायची, तर कंपनीच्या मालकाचं साप्ताहिकही खपवावं लागे. प्रत्येक नव्या गाडीच्या सीटवर एक अंक. सोल गठ्ठे परत पाठवायचा. शेवटी कंपनीची तंबी आली, अंक ठेवा नाहीतर एजन्सी सोडा. त्यातलं 'मालकाचं पान' वेंडेलच लिही. मालकाला चार ओळी धड लिहिता येत नसत. वेंडेल आणि सोल शाळेत एका बाकावर बसलेले, म्हणून बोलावल्यावर तो आला तरी.

"तुझ्याबद्दल थोडंच आहे ते? ते न्यूयॉर्कच्या बड्या लोकांबद्दल. आणि मतं मालकाची रे, मी नुसता लिहितो."

"मग कंपनीला माझ्यासाठीही लिही की काहीतरी. ही एजन्सी गेली तर मी खाऊ काय?"

"बघतो," वेंडेल टोपी चाचपत म्हणाला. बिचाऱ्या सोलला तेवढ्यानेही बरं वाटलं.

इतक्यात डेकर शेतकरी आत आला. त्याने ठरवलेली नवी गाडी दारातच धुऊनपुसून उभी होती.

"पर्लस्टाइन, गाडी राहू द्या."

"का हो? रंग आवडला नाही?"

"गाडी झकास आहे. पण तुमच्याकडून नको. पलीकडच्या गावातून घेईन."

"डेकर, तुमची बायको बाळंतपणात अडली होती, तेव्हा भर बर्फातून दवाखान्यात कुणी नेलं तिला?"

"तुम्हीच. विसरलो नाही मी." डेकर खरोखरच ओशाळला होता. "पण तीच म्हणते, एवढं का केलं असेल यांनी? मग मेहुण्याने हे साप्ताहिक दिलं. त्यात स्पष्टच लिहिलंय. 'जो हसतमुखाने तुमच्या मदतीला धावतो, उद्या त्याच्याच मुठीत...' काय बरं होतं? चांगलं पाठ केलं होतं मी. 'त्याच्याच मुठीत...'"

"'...तुमच्या लेकरांचा गळा असेल,'" वेंडेल बोलून गेला.

डेकरचा चेहरा खुलला. त्याने वेंडेलचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

"वा! म्हणजे तुम्हीपण वाचता तर!"